बांबूपलीकडचा गणपती

ती साथ जगात आली ती केवळ माझ्या सासऱ्यांना निवृत्तीनंतर हाताला काम मिळावं म्हणून आली, अशी माझी त्या काळात पक्की समजूत झाली होती आणि ती अजूनही पुरती गेलेली नाही. सासरे एस.टी.त कंडक्टर होते. महाडहून डोंगरातल्या वाड्यांवर जाणाऱ्या गाड्यांवर त्यांची सगळी नोकरी गेली. अशा माणसाला निवृत्त केलं की त्याची गाडी काढून घेतात, पण कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला खाली ठेवायचं ही खाज तशीच अंगात राहते. पोलादपूरच्या वर डोंगरात त्यांची वाडी आहे. तिथे ही खाज भागवायला त्यांच्याकडे फक्त कोंबड्या होत्या. संध्याकाळी खुराड्याच्या तोंडाशी उभे राहून ते एकेकीला आत ढकलत आणि "पुढं सरका, मागं माणसं हायत" असं बजावत. कोंबड्या प्रवाशांपेक्षा शहाण्या, त्या मुकाट्याने सरकत.

मी महाडला कोर्टाच्या जवळ झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान चालवतो. शिमग्याच्या पालखीला म्हणून मी बायकोला घेऊन सासुरवाडीला गेलो, बायको म्हणाली अजून चार दिवस राहू, आणि तेवढ्यात देश बंद झाला. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी गावकी बोलावली. गावकी म्हणजे घरटी एक माणूस देवळाच्या अंगणात बसतो आणि एकदा जे ठरतं ते पुढची गावकी बसेपर्यंत देवाच्या बापालाही बदलता येत नाही. तिथे ठरलं की वाडीच्या तोंडाशी रस्त्यावर आडवा बांबू टाकायचा, आतला बाहेर नाही आणि बाहेरचा आत नाही, आणि बांबूवर कंडक्टर बसतील. वाडीत सासऱ्यांना सगळे कंडक्टरच म्हणतात. मी भीत भीत म्हटलं, "मामा, मला महाडला जायचंय, दुकान आहे." त्यांनी माझ्याकडे बिनतिकीट माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि म्हणाले, "जावयबापू, गाडी सुटली. आता मधी उतरता येत नाय." अशा रीतीने मी सहा महिने घरजावई झालो.

बाकीच्या देशाला माणसामाणसांत अंतर ठेवायला टीव्हीवरून शिकवावं लागत होतं, आमच्या वाड्यांना नाही. चवदार तळं आमच्या महाडातच आहे. अंतर कसं राखायचं आणि कोणापासून राखायचं, हे आमच्या वाडवडिलांना कोणी सांगावं लागलं नव्हतं. वाळीत टाकलेल्या घराशी कसं वागायचं हे गावकीतल्या प्रत्येकाला पाठ होतं, आता फक्त सगळ्या जगालाच वाळीत टाकायचं होतं. त्यामुळे वाडीत अत्यंत उत्साहाचं वातावरण होतं. माणसं एकमेकांची सावलीही चुकवून जात आणि रात्री मात्र एकाच ओट्यावर एकाच पानाच्या डब्यात हात घालत, कारण तो घरातलाच डबा.

सासऱ्यांची निर्णय घ्यायची एक पद्धत होती. ते डोळे मिटून दोन्ही तळहात पुढे धरत. डावा हात म्हणजे जीव, उजवा म्हणजे पोट. मग तराजूसारखे ते हात खालीवर होत आणि वाडी श्वास रोखून बघत राही. सकाळी बातम्या बघितल्या की डावा हात खाली जाई आणि सगळं बंद. दुपारी पिठाचा डबा वाजला की उजवा खाली जाई आणि गिरण उघडी. संध्याकाळच्या बातम्यांनंतर गिरण पुन्हा बंद, अर्धं दळण जात्याच्या पोटात. "विज्ञानाचा इचार करायला लागतो," असं ते म्हणत. ह्या विज्ञानाला एकच अपवाद होता. दासगावची एक मासेवाली मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून, मांडीवर निवट्यांची, म्हणजे चिखलातल्या उड्या मारणाऱ्या मासळीची, पाटी घेऊन आठवड्याला चक्कर मारी. ती दिसली की हात पुढे धरायचीही गरज पडत नसे, बांबू आपोआप वर जाई. गावकीत एकाने हरकत घेतली तर सासरे म्हणाले, "खाडीच्या खाऱ्या पाण्यात असले रोग टिकत नाय. आणि निवट्या जिवंत असतात, आजारी असत्या तर उड्या मारल्या असत्या काय?" हरकत घेणाऱ्यालाही निवट्या आवडत होत्या, म्हणून ठराव पास झाला.

न्हाव्याचं प्रकरण तर ह्याहून थोर. वाडीतल्या बाप्यांच्या जटा मानेवर आल्या तेव्हा पोलादपूरच्या न्हाव्याला येऊ द्यावं की नाही यावर दोन गावक्या झाल्या. शेवटी सासऱ्यांनी तोडगा काढला की आधी एकाच माणसाचे केस कापून चाचणी घ्यावी. तो एक माणूस कोण, हे वाचकांनी ओळखलं असेल. केस कापले, मानेला पावडर लावली, दाढीही झाली. मग सासरे आरशात बघून गंभीरपणे म्हणाले, "आता काय परिणाम होतो ते बघू," आणि न्हाव्याला परत पाठवलं. पुढे महिनाभर वाडीत सगळे गोसावी आणि मधोमध हे एकटे मामलेदार, असा देखावा होता. मी त्यांना तोंडावर ढोंगी म्हणालो. ते म्हणाले, "कुणीतरी धोका पत्करायलाच लागतो."

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, पण मे महिन्यात त्यांच्या थोरल्या भावाचा फोन आला. आमच्या वाडीत फोन लागतो तो आवाजापुरता, तोही देवळाच्या जोत्यावर उभं राहिलं तर. समोरच्याचं तोंड बघायचं असेल तर बांबू ओलांडून खाली खिंडीत जावं लागतं. तर जोत्यावर अर्धी वाडी जमली असताना तो फोन आला आणि स्पीकरवर सगळ्यांनी ऐकला. थोरले बंधू परळच्या चाळीत एकटे राहतात. बायको वारली, मूलबाळ नाही. वडील लवकर गेले तेव्हा मुंबईला जाऊन त्यांनीच धाकट्याला शिकवलं. नोकरीच्या पहिल्या दिवशी घालायची खाकी पँट त्यांनीच शिवून आणली होती.

"चाळीला पत्रं ठोकतायत रे," ते म्हणाले. "शेजारचा गेला काल. मी गावाला येतो."

सासऱ्यांनी हात पुढे धरले नाहीत. ते नुसते म्हणाले, "दादा, गाव बंद हाय."

"मला पन?"

"घरच्याला सोडला तर उद्या कुणाला अडवू?"

पलीकडून "बरं," एवढंच आलं आणि फोन बंद झाला.

माझा इतका संताप झाला की मी घरी जाताना त्यांना काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. मासेवालीला बांबू वर होतो, न्हाव्याला होतो, आणि सख्ख्या भावाला होत नाही! सासूबाईंनी तर बोलणंच टाकलं. त्या ताट वाढत आणि भिंतीला सांगत, "भाकरी हाय, आमटी हाय." सासरे भिंतीकडे बघत जेवत. चौथ्या दिवशी त्यांनी मला मागच्या अंगणात नेलं आणि वाडीतल्या घरांकडे बोट दाखवत गेले. ह्या घरात म्हातारी, त्या घरात म्हातारा, पलीकडे दम्याची बाई. "एकाला झाला तर डोलीत घालून खाली न्यायचा. डोली उचलणारं चार. मंग त्या चौघांना. पोलादपूरात घेतला नाय तर महाड. तू कोर्टाच्या दारात बसतोस, सांग मला काय करायला हवं होतं." त्यांचं बरोबर होतं, आणि बरोबर असलेल्या माणसाइतका डोक्यात जाणारा माणूस दुसरा नाही.

गणपती जवळ आले तशी मुंबईकरांची ओरड वाढली. गावकी बसली आणि ठरलं की यायचं त्याने यावं, पण बांबूच्या बाहेर खिंडीपाशी जी शाळा आहे तिथे चौदा दिवस राहून मगच आत यावं. आणि आतलं कोणी बांबू ओलांडून बाहेरच्याजवळ गेलं तर त्यालाही शाळा. अपवाद कोणालाच नाही, हे शेवटचं वाक्य सासऱ्यांनी घालायला लावलं. पोरंबाळं आली, शाळेत राहिली. थोरल्या बंधूंनी मात्र साफ सांगितलं, "माझ्या गावात मी शाळेत ऱ्हायचा? नाय येत."

आता खरी पंचाईत झाली. त्या घराचा गणपती थोरल्याच्या हातून बसतो. पूजेच्या पाटावर थोरला बसायचा, आणि धाकट्याने त्या पाटावर बसायचं ते थोरला गेल्यावरच, अशी रीत आहे. सासरे साठी ओलांडून गेले तरी त्या पाटाला त्यांचा पाय लागला नव्हता. त्या वर्षी ते बसते तर भाऊ जिवंतपणीच मेल्यासारखा झाला असता. सासूबाई पहिल्यांदाच भिंतीला सोडून त्यांना म्हणाल्या, "अवं, देवाला तरी इचारा काय करायचं." त्यांनी देवाला विचारलं नाही. चतुर्थीच्या सकाळी त्यांनी मूर्तीच उचलली, थोरल्याच्या पाटासकट डोक्यावर घेतली, मला छत्री आणि माझा मोबाईल घ्यायला लावला, आणि बांबूखालून वाकून खिंडीकडे चालायला लागले. भावाने प्रत्यक्ष नाही तर फोनवर तोंड दाखवावं, तिकडून अक्षता टाकाव्यात आणि प्रतिष्ठा थोरल्याच्या हातून व्हावी, अशी ती योजना होती. पावसाची भुरभुर, चिखल, आणि पुढे हा शहाणा माणूस देवाला रेंजमध्ये नेतोय!

खिंडीत पोलादपूरचे भटजी तोंडाला फडकं बांधून, मोटारसायकलला टेकून उभे होते. मूर्ती एका दगडावर ठेवली, पाट समोर मांडला. मी फोन लावला. थोरले बंधू गंजिफ्रॉकवर होते, दाढी वाढलेली. सासऱ्यांनी मान वाकवून त्यांना गणपती दाखवला, पाट दाखवला. म्हणाले, "दादा, बसा. भटजी आलेत."

थोरले हळूच म्हणाले, "देवाला भायेर आनलास रे. मला आत नाय घेतलास." आणि फोन बंद झाला.

"यजमान कोण बसतंय?" भटजींनी विचारलं.

"दादाच बसलेत," सासरे म्हणाले. "रेंज गेली." रेंज भरपूर होती, फोन माझ्या हातात होता. त्यांनी तो माझ्याकडून घेतला, काळा पडलेला तसाच पाटावर ठेवला, आणि बाजूला उभं राहून सगळी पूजा केली.

परत आलो तर बांबूवर गावकी उभी. ज्याच्या मुलाला सासऱ्यांनी शाळेत बसवलं होतं तो म्हातारा सगळ्यांत पुढे. "कंडक्टर," तो म्हणाला, "बांबू वलांडलात. भटाला टेकून पूजा केलीत. नेम तुमचाच हाय ना?" कोणीतरी हसून म्हणालं, देवाला तरी आत घ्या. सासऱ्यांच्या डोक्यावर मूर्ती होती. त्यांनी एकदा बांबूकडे बघितलं, म्हणाले, "अपवाद कुणाला नाय," आणि मागे वळून शाळेकडे चालू लागले. मी मागे छत्री घेऊन. आख्ख्या कोकणात त्या वर्षी चौदा दिवसांची शिक्षा भोगायला निघालेला एकमेव गणपती आमचा असेल. सासऱ्यांनी हुतात्म्याचा आव आणू नये म्हणून मी शाळेत त्यांच्याशी अबोला धरला, पण दोन माणसं आणि एक देव एका खोलीत असताना अबोला फार दिवस टिकत नाही. सासूबाई मोदकांचं ताट बांबूजवळच्या दगडावर ठेवून लांबून हाक मारत. विसर्जन आम्ही शाळेमागच्या वहाळात केलं. देवाची सुटका आमच्या आधी झाली.

शाळेत खिंडीची रेंज येते. रोज आरतीच्या वेळी सासरे भावाला फोन लावत आणि मोबाईल देवासमोर ठेवत. पलीकडून उचलला जाई, पण शब्द येत नसे. चाळीतल्या कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या येत, कुणाचा टीव्ही येई. आरती संपली की सासरे "बरं" म्हणत आणि फोन ठेवत. ते आधी ठेवत, पलीकडून कधी ठेवला गेला नाही. तेव्हापासून मला त्यांच्यावर नीट रागावता येत नाही, आणि हे मला अजिबात आवडलेलं नाही.

वाडीत त्या वर्षी एकही माणूस दगावला नाही. त्याबद्दल सासऱ्यांना कोणी शब्दाने धन्यवाद दिले नाहीत. जे झालंच नाही त्याचे आभार मानायचे कसे, असंही असेल. निवट्यांची चेष्टा मात्र अजून चालते. थोरले बंधू साथीतून वाचले, धडधाकट आहेत, पण गावाला आले नाहीत. दरवर्षी बोलावणं जातं. दरवर्षी "बघू" म्हणतात.

यंदा दुकानाच्या कामासाठी मुंबईला गेलो तेव्हा परळला त्यांच्याकडे गेलो. त्यांनी स्वतः चहा केला. इकडतिकडचं बोलून झाल्यावर, खिडकीकडे बघत विचारलं, "पूजा कोन करतो आता?"

"मामाच करतात," मी म्हटलं. "पण पाटावर बसत नाहीत. बाजूला उभं राहून करतात."

"इतका वेळ उभा? त्याचं तर गुडघं गेलेत."

"गेलेत. तरीपण."

त्यांनी कप धुतला, पालथा घातला, आणि मग म्हणाले, "त्याला सांग, बस म्हनावं पाटावर. मी सांगितलाय."

मी वाडीत जाऊन तसंच्या तसं सांगितलं. सासरे तेव्हा ओट्यावर गुडघ्याला तेल चोळत होते. चोळता चोळता थांबले. "आन येतो कधी म्हनाला?"

"त्याबद्दल काही बोलले नाहीत."

त्यांनी बाटलीचं बूच लावलं. "मंग मी उभाच ऱ्हातो," ते म्हणाले.