दगडाशेजारची पट्टी

गारखेड्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. वडिलांनी सुरू केलेला, आता मी चालवतो. पासपोर्ट फोटो, बारसं, लग्नाचे अल्बम, आणि अलीकडे ऑनलाइन विकणाऱ्यांच्या साड्या, मसाल्याच्या बरण्या, असं मिळेल ते काम करतो. पण आमच्या दुकानाचं नाव आहे ते एका वेगळ्याच कामासाठी. घरच्या ग्रुप फोटोत जो माणूस नाही, त्याला आम्ही आत उभा करून देतो. कुणाचे आजोबा नातीच्या लग्नाआधी गेलेले असतात, कुणाचा भाऊ दुबईत अडकलेला असतो. लोक जुना फोटो आणतात, मी त्यातला माणूस कातरून नव्या फोटोत सगळ्यांच्या मध्ये बसवतो. आधी कात्रीनं करायचो, आता कॉम्प्युटरवर करतो.

यात वडिलांचा एक नियम होता. गेलेला माणूस वडीलधारा असेल तर त्याला जरा मोठा ठेवायचा. चार बोटं उंच, खांदे थोडे रुंद. घरच्यांच्या ते लक्षात येत नाही, पण फोटो बघून बरं वाटतं. मी तीस वर्षं तेच करत आलोय आणि एकाही गिऱ्हाइकानं कधी तक्रार केलेली नाही.

मागच्या हिवाळ्यात एका दुपारी खुलताबादहून एक बाई आल्या. चाळिशीच्या असतील, तिथल्याच एका शाळेत शिकवतात. त्यांनी पिशवीतून स्टीलचा मोठा डबा काढला. डब्यात जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळलेला एक काळा दगड होता, दोन्ही हातांनी धरावा लागेल एवढा.

"याचे सहा फोटो काढायचे, भैया. सहाही बाजूंनी. आणि प्रत्येक फोटोत शेजारी पट्टी पाहिजे, सेंटीमीटरवाली."

मी चक्रावलो. मसाल्याच्या बरणीशेजारी कुणी पट्टी ठेवायला सांगत नाही.

"पट्टी कशाला? विकायचा आहे का दगड?"

"विकायचा नाय. हा आसमानातून पडलेला आहे."

मी दगडाकडे पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं. दोघंही गंभीर होते.

मग त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील खुलताबादला शिंपी होते. तरुणपणी एकदा पहाटेच्या नमाजाला निघालेले असताना त्यांनी आकाशातून काहीतरी जळत खाली येताना पाहिलं. ते टेकडीमागं पडलं. उजाडल्यावर ते शोधत गेले आणि दुपारी हा दगड घेऊन परतले. तेव्हापासून दगड त्यांच्या दुकानात होता. कापड बेतताना सरकू नये म्हणून ते तो कापडावर ठेवायचे. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला हकिगत ऐकवायचे, चुंबक लावून दाखवायचे. तिकडं शिंप्याला मास्टर म्हणतात. गावानं त्यांचं नाव ठेवलं आसमानी मास्टर.

"अब्बांना जाऊन दोन वर्षं झाली," बाई म्हणाल्या. "पण माझ्या वर्गातली पोरं अजून मागून म्हणतात, आसमानी मास्टर की बेटी. त्यांच्या आजोबांनी शिकवलेलं. मला एकदा कळू दे भैया, अब्बा खरं सांगत होते का नुसत्या गप्पा मारत होते. अम्मीला बी कळू दे. ती लोकांचं लई ऐकत आली."

त्यांनी दुसऱ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेला मेल केला होता. आधी फोटो पाठवा, ते बघून वाटलं तर दगड मागवू, असं तिथून उत्तर आलं होतं. म्हणजे सगळं माझ्या फोटोंवर होतं. हे ऐकून मी जरा फुशारलो, हे कबूल करतो.

दगड पांढऱ्या कागदावर ठेवला, दिवे लावले. शेजारच्या स्टेशनरीतून शाळेच्या पोरांची प्लॅस्टिकची पट्टी आणली आणि पहिलाच फोटो बिघडला. दगड झकास आला, पण पट्टीवर दिव्याची अशी चमक आली की आकडे गायब. पट्टी हलवली तर तिची सावली दगडावर. तिरकी ठेवली तर आख्खा फोटोच कलंडल्यासारखा वाटायला लागला. एवढ्या छान चित्रात हे काय मध्येच, असं मला सारखं वाटत होतं. शेवटी पट्टी बाजूला केली, दगडाचे सहा फोटो काढले आणि बाईंना म्हटलं, "दगड घेऊन जा ताई. बाकीचं मी करून पाठवतो."

मग मी मला जे येतं ते केलं. पट्टीचा एक वेगळा फोटो काढला, एकेक रेघ मोजता येईल इतका स्वच्छ. सहाही फोटोंतला दगड चौकट भरेल एवढा मोठा केला. आणि प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात ती पट्टी बसवली, सगळीकडे एकसारखी, खाली हलकी सावलीसुद्धा देऊन. ज्यानं लोकांचे आजोबा लग्नात उभे केले त्याला एका पट्टीचं काय! इतके देखणे फोटो बऱ्याच दिवसांत माझ्या हातून झाले नव्हते.

आठवड्यानं बाई परत आल्या. डबा हातात होता. त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. प्रयोगशाळेचं उत्तर होतं. समोरून बघितलं तर दगडाची उंची नऊ सेंटीमीटर येते आणि बाजूनं बघितलं तर तेरा, असं त्यात लिहिलं होतं. एकाच दगडाच्या बाबतीत हे शक्य नाही. फोटोंत फेरफार दिसतो, त्यामुळे या नमुन्याचा विचार करता येणार नाही.

मी तीनदा वाचलं. शब्द कळत होते, अर्थ लागत नव्हता.

"डोकं फिरलंय का त्यांचं?" मी म्हटलं. "दगड कुठं वाढतो का?"

"तेच ते विचारतात," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे मला जास्तच अवघडल्यासारखं झालं. "आजवर गाव अब्बांना खोटं म्हणत होतं. तोंडी होतं ते. आता मला लेखी आलं."

त्यांना दाखवून द्यावं म्हणून मी कॉम्प्युटरवर फोटो उघडले आणि समोरचा नि बाजूचा शेजारी लावून पाहिले. दगड समोरून रुंद होता, म्हणून चौकटीत मावायला मी तो थोडाच मोठा केला होता. बाजूनं अरुंद होता, म्हणून जास्त मोठा केला होता. पट्टी मात्र दोन्हीकडे तेवढीच. एवढं समजलं, पण पुढचं डोक्यात शिरेना. पट्टी खरी होती. दगडही खरा होता. दोन खऱ्या गोष्टी शेजारी आणल्या तर फोटो खोटा कसा होतो? आणि होत असेल, तर मी तीस वर्षं काय करत होतो?

"चूक माझी आहे, ताई," मी म्हटलं.

"मग तसं त्यांना सांगा."

मेलच्या खाली नंबर होता. बाईंनी लावून स्पीकरवर ठेवला. पलीकडे एक तरुण मुलगी होती. मी सगळं सांगितलं.

"पट्टी वेगळी काढून नंतर चिकटवली? पण का?"

"चांगली दिसावी म्हणून," मी म्हणालो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काका, तुमचा दगड मी कधी पाहिलेला नाही," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, हसूही नव्हतं. "पट्टी पाहिलेली आहे. म्हणून ती लागते. पुन्हा काढा, काहीही न बदलता पाठवा. चमकली तरी चालेल. फक्त दगडाच्या पातळीवर ठेवा."

पातळीवर म्हणजे काय, हे विचारायची मला लाज वाटली. फोन ठेवल्यावर दगड मांडला, वरून फोटो काढायला कॅमेरा लावला, पट्टी कागदावर ठेवली. फोटोवर मोजलं तर दगड हातातल्यापेक्षा मोठाच येत होता. कॅमेरा वर नेला, आकडा बदलला. खाली आणला, पुन्हा बदलला. आता तर मी काही चिकटवलंही नव्हतं! मी हैराण होऊन खुर्चीत बसलो.

बाई बघत होत्या. मग म्हणाल्या, "भैया, अब्बा माप घेताना टेप अंगाला लावायचे. गिऱ्हाईक इथं आणि टेप तिथं, असं कधी केलं नाय."

दगडाची कड कागदापासून तीन बोटं वर होती, कॅमेऱ्याच्या तेवढी जवळ. पट्टी मात्र खाली पडलेली. फ्रेम बनवताना उरलेले लाकडी तुकडे कोपऱ्यात होते. बाईंनी ते एकावर एक रचले, वर पट्टी ठेवली, डोळा बारीक करून पट्टी आणि दगडाची कड एका रेषेत आणली. आकडा हलायचा थांबला. सहाही फोटो तसेच काढले. पट्टी चमकत होती, एका फोटोत तुकड्याचा सोनेरी रंग दिसत होता. इतके गबाळे फोटो मी उभ्या जन्मात कुणाला दिले नव्हते.

समोरून उंची आली दहा सेंटीमीटर आठ मिलिमीटर. बाजूनंही तेवढीच. बाईंनी पिशवीतून एक जीर्ण वही काढली, त्यांच्या अब्बांची मापाची वही. एका पानावर गिऱ्हाइकाच्या नावाच्या जागी उर्दूत लिहिलं होतं, पत्थर. त्याखाली त्यांनी मला वाचून दाखवलं, लंबाई सव्वाचार इंच, सीना साडेअकरा, कमर साडेनऊ. मास्टरांनी दगडाचं माप शेरवानीसारखं घेतलं होतं. मी मोबाइलवर इंचाचे सेंटीमीटर केले. दहा पॉइंट आठ.

बाई हसल्या आणि पदरानं डोळे पुसले. मलाही उगाच वाटून गेलं की आता सगळं खरं निघणार.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. दगड आकाशातला नव्हता. त्यावर एक-दोन मिलिमीटरची बारीक भोकं होती, शेजारी नीट पट्टी असल्यामुळे ती मोजता आली. तशी भोकं उल्कापाषाणात सहसा नसतात. हा आपल्याच डोंगरातला काळा दगड, यातही लोह असतं म्हणून चुंबक थोडा चिकटतो, पुष्कळांची अशी फसगत होते, असं त्या मुलीनं जपून लिहिलं होतं.

हे सांगायला बाई स्वतः आल्या. बरोबर त्यांच्या अम्मी होत्या. माझ्या जुन्या फोटोंनी मास्टर लटकले होते, नव्या फोटोंनी बुडाले.

"अब्बांनी पडताना पाह्यलं असंल," बाई म्हणाल्या. "ते खरंच असंल. उचलताना दगड चुकला. टेकडीमागं काळे दगड काय थोडे आहेत?"

मी मान हलवली, पण मला काही उमजलं नव्हतं. आजही उमजत नाही. माप चोख घेणारा माणूस आयुष्यभर चुकीचा दगड दाखवत राहिला, तर तो खरं बोलत होता की खोटं? बाईंना हा प्रश्न पडलेला दिसत नव्हता. त्यांचं उत्तर त्यांना मिळालं होतं. त्यांनी मला दुसरं काम दिलं. त्या, अम्मी आणि शेजारी अब्बा, असा एक फोटो हवा होता. अब्बांचा एकच उभा फोटो होता, मुलीच्या निकाहला स्वतः शिवलेल्या शेरवानीतला.

मी सवयीनं विचारलं, "जरा मोठे ठेवू ना?"

"नाय," बाई म्हणाल्या आणि पिशवीतून अब्बांचा टेप काढला. वहीतलं दुसरं पान उघडलं. अब्बांची त्याच शेरवानीची नोंद, लंबाई छत्तीस इंच. मग त्यांनी अम्मीच्या खांद्यावरून टेप खाली सोडला, अगदी अंगाला लावून, आणि म्हणाल्या, "आता काढा. टेप नंतर काढून टाका पाह्यजे तर. पण आधी अब्बांना ह्याच्यावर मोजा."

दोघींचा फोटो काढून मी शेरवानी टेपवरच्या छत्तीस इंचांएवढी केली. मास्टर अम्मींपेक्षा जेमतेम चार बोटं उंच निघाले. एवढा बारका माणूस बघून माझंच काही चुकलं असेल असं वाटलं, म्हणून मी पुन्हा मोजलं. तेवढाच आला. अम्मींना जवळ बोलावलं. त्या कॉम्प्युटरच्या पडद्याशी वाकल्या. मग त्यांनी हात उचलून काचेवरच्या मास्टरांच्या डोक्याला बोट लावलं.

"हौ," त्या म्हणाल्या. "इत्तेच थे."

त्या दोघी गेल्यावर माझं लक्ष गल्ल्यामागच्या भिंतीवर गेलं. तिथं माझ्या घरचा फोटो आहे. मी, बायको, मुली, आणि मध्ये माझे वडील. ते गेल्यावर मीच त्यांना त्यात उभं केलं, त्यांच्याच नियमानं. फोटोत माझं डोकं त्यांच्या कानाला लागतं. मी आठवायला लागलो की ते खरोखर केवढे होते, आणि मला आठवेना. डोळ्यांसमोर येत होते ते फोटोतलेच. मी घाबरलो. शेवटी एकच गोष्ट सापडली. आमच्या दुकानाचं शटर खाली ओढायला, हात पुरत नाही म्हणून, वडील एक आकडा लावलेली सळी वापरायचे. ती अजून दाराआड उभी आहे. संध्याकाळी दुकान बंद करताना मी ती हातात घेतली, मग खाली ठेवली आणि हात वर केला. शटरला माझा हात सहज पोचतो.