अजून एक यायचीय

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. "आत्या गेली," एवढंच माझी लेक इरा म्हणाली. ताई म्हणजे माझी थोरली नणंद. लालबागच्या मैदानांवर कबड्डी खेळून वाढलेली, लग्न न करता करी रोडला आमच्यासोबत राहिलेली, आणि तोंडाने भलतीच फटकळ. महिना होऊन गेला, तरी तिला "होती" म्हणताना माझी जीभ अडखळते.

इराचं आणि खेळांचं लहानपणापासून वाकडं. चौथीत असताना स्पोर्ट्स डेच्या आदल्या दिवशी तिचं पोट दुखायला लागलं. दरवर्षीच दुखायचं. सगळ्यांसमोर शेवटची येणार, पोरं हसणार, याची तिला भीती. शाळेत कळवायला मी मोबाइल उचलला, तो ताईने हातातून काढून घेतला. "पोट नाय गो दुखत तिचं, धडकी भरलीय. दरवेळी घरी ठेवलंस तर ही जन्मभर घरीच बसेल." मग इराला समोर बसवून म्हणाली, "शेवटची येशील? येशीलच. मी खोटं कशाला सांगू? पण कबड्डीत आमच्या सगळ्या बाद झाल्या आणि एकटीच उरली, तरी डाव चालू असतो. चालत ये हवं तर. पण ये." हे कसलं धीर देणं, असं मला वाटलं, पण पोर खुदकन हसली. इतकी वर्षं आम्ही तिला "तूपण जिंकशील" सांगत होतो आणि ते खोटं आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी इरा धावली... धावली कसली, धापा टाकत निघाली. बाकीच्या मुली पोहोचल्या, टाळ्या झाल्या, सरांनी फीत गुंडाळायला घेतली आणि पुढच्या शर्यतीची नावं पुकारली जाऊ लागली. ते बघून इरा अर्ध्यातच थबकली. तेवढ्यात ताई पदर खोचून थेट मैदानात शिरली. "ओ सर, थांबा! अजून एक यायचीय! ती आल्याशिवाय शर्यत संपली कशी?" फितीचं एक टोक तिने स्वतः धरलं, दुसरं सरांच्या हातात ठेवलं. मैदान गाजवलेला आवाज तो. सर निमूट उभे राहिले. इराने आत्याकडे पाहिलं, चालायला लागली, मग धावायला. फीत छातीला लागली तेव्हा ती हसत होती. त्यानंतर स्पोर्ट्स डेला तिचं पोट कधी दुखलं नाही. खेळाडू मात्र ती काही झाली नाही, आणि ताईला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. मला हे कधीच जमलं नसतं.

आमच्या टॉवरच्या लिफ्टमध्येही ताईचं तेच. दारात पाय अडवून लॉबीभर विचारायची, "कोण राहिलंय काय मागे?" वरच्या मजल्यांवरचे लोक चरफडायचे. आता कॉलेजात जाणारी इरा लिफ्टमध्ये शिरली की तिचा पाय आपोआप दारात जातो. परवा शेजारच्या काकांनी विचारलं, "कोणी यायचंय का अजून?" इरा रिकाम्या लॉबीकडे बघत राहिली. "नाही," म्हणाली, पण पाय काढायला तिला जरा वेळ लागला.