पहिल्या ताफ्यातली रिकामी जागा

मंगळवारी सकाळी रुग्णालयातून पहिला ताफा निघाला, आणि ट्रकमध्ये जागा असूनही माझी पुतणी त्यात बसली नाही.

देशाचं नाव देत नाही. घरच्यांची तशी विनंती आहे. तिथलं सरकार पडलं होतं आणि ब्रिटनसह चार देशांचं संयुक्त सैन्य राजधानीत होतं. पुतणी लेस्टरमध्ये जन्मलेली, नॉटिंगहॅमला नर्स, सहा महिन्यांसाठी तिथल्या एका धर्मादाय रुग्णालयात गेलेली. त्या सकाळी मी दादाच्या घरी होतो. तिचा फोन स्पीकरवर होता.

"बाबा, डोन्ट पॅनिक. माझा बॅग भरला आहे."

"माझी बॅग भरली," वहिनी सवयीने म्हणाली.

"ट्रक कुणाचे आहेत?" दादाने विचारलं. तिने दुसऱ्याच देशाचं नाव घेतलं.

"त्यांची भाषा तरी येते का तुला? ब्रिटिश पासपोर्ट आहे तुझ्याकडे. आपले लोक येतील, त्यांच्याबरोबर ये."

दादाला हा पासपोर्ट मिळायला बरीच वर्षं लागली होती. त्याने 'आपले' म्हटलं ते मनापासून. ती "ओके बाबा" म्हणाली.

मी वृत्तकक्षात काम करतो. सैन्याच्या कामाची वाटणी मला संध्याकाळी डेस्कवर कळली. ब्रिटिश तुकडीला फक्त विमानतळाचा आदेश होता. विमानतळ आणि रुग्णालय यांच्यामधला पूल आणखी एका देशाकडे होता. त्यांचे सैनिक पुलापलीकडे जात नसत. रुग्णालयापर्यंत जायची परवानगी एकाच देशाला होती, ज्याचे ट्रक सकाळी आले होते. परतताना पुलाजवळ त्या ट्रकांवर गोळीबार झाला. सगळे सुखरूप पोहोचले, पण पुढच्या फेरीसाठी त्या देशाला आपल्या संसदेला विचारावं लागणार होतं. हेलिकॉप्टरं चौथ्या देशाची होती. रस्ता सुरक्षित असल्याचं कुणीतरी लेखी दिल्याशिवाय ती उतरणार नव्हती, आणि तसं लिहून द्यायला कुणी तयार नव्हतं.

हे मी दादाला फोनवर सांगितलं.

"म्हणजे आपले येणारच नव्हते?"

"तसा आदेश नव्हता."

बुधवारी पुतणीचा फोन लागेनासा झाला. दादा परराष्ट्र खात्याच्या हेल्पलाइनवर होता. पलीकडची मुलगी नम्रपणे सांगत होती की सहकारी देशांशी बोलणं चालू आहे.

"त्यातल्या कुणाला फोन करू, तेवढं सांगा," दादा इंग्रजीत म्हणाला. तिने त्याला होल्डवर ठेवलं.

"भाऊजी, तुमच्या ऑफिसात कळत असेल ना सगळं?" वहिनीने मला विचारलं.

"खात्री झालेलं तेवढं सांगतो, वहिनी."

"मग खात्री न झालेलं सांगा! काहीतरी सांगा!"

रुग्णालयाचं फाटक पेटवल्याची बातमी माझ्याकडे होती. सूत्र एकच होतं. मी ती सांगितली नाही. दादा फोन कानाला लावूनच बसला होता. होल्डचं संगीत बाहेर ऐकू येत होतं.

गुरुवारी दुपारी संसदेची परवानगी आली. शुक्रवारी सकाळी ट्रक रुग्णालयात पोहोचले. फाटक जळालेलं होतं. आत रुग्ण किंवा कर्मचारी कुणीही नव्हतं. संयुक्त सैन्याच्या प्रवक्त्याने आणि रुग्णालय चालवणाऱ्या संस्थेने हे स्वतंत्रपणे सांगितलं. पुतणीचा फोन अजूनही लागत नव्हता.

ब्रिटिश तुकडी त्या वेळी विमानतळावर होती.