बरड, वर्ग पाचवा

गोम्बसुरेनने उमेदीच्या काळात एकशे बारा खड्डे खणले आणि एकशे तेराव्यात तो स्वतःच पडला, असे शोहोइतच्या खोऱ्यात आजही चेष्टेने म्हणतात. चेष्टा जुनी झाली आहे. हसण्यासारखे तिच्यात पूर्वीही फारसे नव्हते.

एकशे बारा खड्डे त्याने नोकरीत असताना खणले होते. त्या काळी मेंढ्या, उंट, चराऊ माळ, सगळे सामूहिक पशुसंस्थेचे होते, आणि राजधानीच्या विद्यालयातून मृदापरीक्षणाची पदविका घेऊन आलेला चोवीस वर्षांचा गोम्बसुरेन हा खोऱ्यातला पहिला शिकलेला तंत्रज्ञ होता. खांद्यावर फावडे, पिशवीत मोजपट्टी, वरच्या खिशात आम्लाची छोटी बाटली. खड्डा खणावा, त्याची भिंत सरळ तासावी, थर मोजावेत, प्रत्येक थरावर आम्लाचा थेंब टाकावा आणि माती किती फसफसते ते वहीत नोंदवावे. शोहोइतच्या उतारावर ती वरपासून खालपर्यंत फसफसत असे. तिथे माती थोडी आणि खडेच अधिक, चुनखडीचे, करड्या रंगाचे. खडा उचलून उलटा केला की त्याच्या पोटाला चुन्याची पांढरी खपली दिसे. हजारो वर्षे पाण्याचा थेंबथेंब वरून खाली ओघळत आल्याची ती खूण. खालची बाजू वर आलेला खडा दिसला, की तो कुणीतरी हलवला आहे हे गोम्बसुरेन लांबून ओळखत असे.

ज्या समाजात जमिनीला टोच लागू नये म्हणून बुटाचे नाकही वर वळवतात, त्या समाजात खड्डे खणण्याचा पगार घेणे ही साधी गोष्ट नव्हती. त्याची आई प्रत्येक खड्ड्यावर दूध शिंपडायला जायची.

"जमिनीला भोकं पाडायला सरकार पगार देतं होय रे?" ती विचारायची.

"आई, माती तपासायची ही रीत आहे."

"माती तपासायची तर मेंढीला विचार. ती चार पायांनी तपासते आणि पगार मागत नाही."

सर्वेक्षण जुलैत झाले. अधिकारी जुलैतच येत, कारण जुलैत घोडीचे आंबवलेले दूध मुबलक असते आणि थंडी नसते. खालच्या सखल भागातली काळसर, मऊ माती नकाशावर 'वर्ग पहिला' ठरली. तिथले गवत गुडघ्याला लागत होते. शोहोइतचा उतार मात्र विरळ तारवट गवताचा, रानदवण्याचा आणि रानकांद्याचा. गोम्बसुरेनने हेक्टरी गवताचे वजन केले, खड्यांचे प्रमाण काढले, आणि स्वच्छ अक्षरात लिहिले: 'बरड. वर्ग पाचवा. पंचेचाळीस सेंटिमीटरवर चुन्याने सांधलेला कठीण थर. पाणी झिरपत नाही. चराईस अयोग्य.' खाली सही केली. त्या सहीचा त्याला अभिमान होता.

हिवाळ्यात काय होते, हे नमुन्याच्या कागदावर विचारलेच नव्हते. वर्ग पहिल्यावर जानेवारीत मांडीभर बर्फ साचतो आणि खोऱ्यातली सगळी थंडी ओघळून तिथेच मुक्कामाला येते. वर्ग पाचव्याच्या खडकाळ, दक्षिणेकडे तोंड केलेल्या उतारावर वारा बर्फ टिकू देत नाही, खडे दिवसभर उन्हात तापतात, आणि ते विरळ, कोरडे गवत खाऊन मेंढी वसंतापर्यंत पायावर उभी राहते. हे खोऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. ठाऊक असलेल्या गोष्टींसाठी कागदावर रकाना नसतो, ही कचेऱ्यांची जुनीच शिस्त आहे.

पुढे संस्था मोडली. तंत्रज्ञाची जागा गेली, खांद्यावरचे फावडे तेवढे राहिले. वाट्याला आलेल्या मेंढ्या घेऊन गोम्बसुरेन बायकोसह, म्हणजे दुलमजावसह, आईच्या हिवाळी तळावर राहायला आला. हा तळ शोहोइतच्या उतारावरच होता, वर्ग पाचव्याच्या ऐन मध्यावर. दगडी आडोशाच्या आत पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या बसून बसून लेंड्यांची मांडीइतकी जाड गादी तयार झाली होती. तुडवलेली, घट्ट, कोरडी. गोठलेल्या जमिनीची थंडी ती वर येऊ देत नसे. दर वसंतात तिच्या वरच्या थराच्या फरश्या कापून चुलीला जाळायच्या, पण खालचा पांढरा खडा कधी उघडा पाडायचा नाही, हा आईचा नियम. आई गेल्यावर तो नियम दुलमजावकडे आला.

पंचवीस वर्षे अशी गेली. मग रस्ता आला. ठेकेदाराला भरावासाठी मुरूम हवा होता, आणि कचेरीने जुन्या नकाशावर बोट ठेवले: वर्ग पाचवा, चराईस अयोग्य, द्यायला हरकत नाही. वस्तीप्रमुख शाग्दर ही बातमी घेऊन आला. रिवाजाप्रमाणे तपकिरीच्या कुप्यांची देवघेव झाली, खारट चहा झाला, मग त्याने कागद काढला.

"तुझ्याच सहीनं तुला उठवतायत, गोम्बा. असं भाग्य सगळ्यांना नाही लाभत."

"इथं माणसं राहतात, हे कचेरीला दिसत नाही?"

"नकाशात तू माणसं काढलीच नाहीस, तर दिसणार कुठून? खडे मात्र झकास काढलेस."

गोम्बसुरेनने अर्ज केला. पहिल्याला उत्तर आले नाही. दुसऱ्याला उत्तर आले की पहिला मिळाला नाही. तिसऱ्याच्या उत्तरात लिहिले होते की, तळाचा दीर्घकाळ वापर होत असल्याचा पुरावा असेल तर निरीक्षक सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पाहणी करतील. पुरावा त्यांच्या समक्ष ताजा व अबाधित असावा.

पुरावा होताच, पायाखाली! गादीत वर्षावर्षाचे थर होते. छेद घेतला की कुणीही मोजावेत. कित्येक वर्षांनी त्याने फावड्याला धार लावली. पदविका घेतलेल्या माणसाच्या हातांना पुन्हा काम मिळाले होते, आणि त्या आनंदाने त्याची अक्कल थोडी झाकोळली असल्यास नवल नाही.

दुलमजाव आडोशाच्या तोंडाशी उभी राहिली. "काय चाललंय, म्हाताऱ्या?"

"छेद घेतोय."

"अंथरुणाला? आत कापूस आहे की नाही बघायला रजई फाडतं का कुणी?"

"निरीक्षकाला थर दाखवायचेत. हाच आपला पुरावा आहे."

"मग वरून हातभर काप आणि दाखव. तळाला जाऊ नकोस. सासूबाई काय सांगायच्या?"

"अर्धा छेद शास्त्रात धरत नाहीत."

"शास्त्रात धरत नसतील. मेंढ्या धरतील."

तो थांबला नाही. गादी संपली, करडे खडे लागले, पांढऱ्या खपल्यांचे खडे लागले, आणि शेवटी फावडे त्या सांधलेल्या थरावर खणकन वाजले. भिंत त्याने आरशासारखी तासली. एकशे तेरा खड्ड्यांतला तो सर्वांत देखणा होता.

सप्टेंबरचा दुसरा आठवडा गेला. तिसरा गेला. कचेरीत विचारल्यावर कळले की गाडीला चाक नाही. 'बुजवून टाक,' दुलमजाव रोज म्हणे. 'अबाधित लिहिलंय,' तो रोज म्हणे. छेदावर त्याने नमद्याचा, म्हणजे लोकरीच्या जाड चटईचा, तुकडा अंथरून दगड ठेवले. महिनाअखेर वाऱ्याने नमदा नेला आणि दोन दिवस ओला बर्फ पडला. तिसऱ्या दिवशी ऊन पडले. उतारावरचे वितळलेले पाणी वाट मिळेल तिथून छेदात उतरले, कठीण थरावर थबकले आणि खड्यांमधून आडवे पसरत गेले. पाणी झिरपत नाही, हे गोम्बसुरेनने बत्तीस वर्षांपूर्वीच लिहून ठेवले होते. वर कोरडी गादी होती. दिव्याच्या वातीने तेल ओढावे तसे तिने ते सगळे ओढून घेतले. दुलमजावने टोपल्या भरभरून कोरड्या लेंड्यांचा चुरा टाकला. तोही भिजला. ऑक्टोबरच्या मध्याला गादी गोठली.

नोव्हेंबरात मेंढ्या वरच्या चराईवरून खाली आल्या. आडोशात शिरल्या, पाय उचलून पुन्हा ठेवले, आणि उभ्याच राहिल्या. मेंढी थंडीने मरते ते नंतर. आधी ती बसायचे सोडते. आठवड्यात अकरा गेल्या.

त्या आठवड्यानंतर निरीक्षक आली. एनेरेल तिचे नाव, वय तिशीच्या आत, नम्र. तंबूत बसून तिने दोन्ही हातांनी चहाची वाटी घेतली आणि ती म्हणाली, "गुरुजी, तुमच्या नोंदवहीवरूनच आम्हाला शिकवलं. वर्णन कसं लिहावं याचा नमुना म्हणून. मी मुद्दाम ही पाहणी मागून घेतली."

बत्तीस वर्षांत गोम्बसुरेनला कुणी गुरुजी म्हटले नव्हते. त्याने मान खाली घातली.

"स्पष्टच सांगते," ती म्हणाली. "नकाशा चुकलाय, असं मूळ सर्वेक्षकानं लिहून दिलं तर मी वर्ग बदलायची शिफारस करू शकते. तेवढं द्या."

"लिही की!" दुलमजाव चुलीपासून ओरडली. "एवढी पोर सांगतेय तर लिही!"

"नकाशा चुकलेला नाही," तो हळू म्हणाला. "खडे तेवढेच आहेत. चुना तेवढाच आहे. गवतही तेवढंच भरेल. हिवाळ्यात ही जागा कोरडी आणि ऊबदार असते, एवढंच त्यात नाही."

"मग तेच लिहा. कोरडी, ऊबदार, वापरातली. मी समक्ष पाहिलं असं खाली मी लिहीन. चला, दाखवा."

तो उठेना. मग उठला. आडोशात मेंढ्या एकमेकींना टेकून उभ्या होत्या. एनेरेल छेदात उतरली, तासलेल्या भिंतीवरून तिने बोट फिरवले. थरांच्या जागी काळा, चकचकीत बर्फ होता. तिने हातमोजा काढून गादीवर तळवा टेकवला आणि लगेच उचलला. बाटली काढून तिने तळाच्या थरावर थेंब टाकला. तो फसफसला.

"वर्षं मोजता येत नाहीत," ती म्हणाली. "आणि कोरडी आहे, असं मी कसं लिहू, गुरुजी?"

"लिहू नका."

"नवी गादी व्हायला किती वर्षं लागतात?"

"माझी तेवढी उरली नाहीत."

तंबूत परतल्यावर तिने अहवाल लिहिला: मूळ वर्गीकरण योग्य आढळले, तळ सध्या हिवाळी वापरास अयोग्य. सर्वेक्षक हयात असल्याने त्याची सही हवी होती. गोम्बसुरेनने चष्मा पुसला आणि मजकूर शेवटपर्यंत वाचला. एका ठिकाणी त्याचे बोट थांबले. त्याने लेखणी मागून घेतली, आकडा खोडून बाजूला नीट लिहिला, आणि खाली सही केली. सही बत्तीस वर्षांपूर्वीच्याच वळणाची होती.

गाडी उतारावरून खाली गेल्यावर दुलमजावने विचारले, "काय लिहिलंस तिथं?"

"कठीण थराची खोली. तिनं चोपन्न लिहिली होती. पंचेचाळीस आहे."

दुलमजावने वाकून चुलीत लेंड्यांची शेवटची कोरडी फरशी घातली. बाहेर मेंढ्या उभ्याच होत्या.