गाडी न थांबणारा थांबा

शेगावला रेल्वेतून उतरले तेव्हा माझ्या काखेत एक लांब नळी होती आणि नळीत नव्या चौकाचा नकाशा. धरणात गावं गेलेल्यांची नांदुऱ्यापुढे पत्र्याच्या खोल्यांची छावणी आहे. तिथले लोक तिला नुसतं ‘पुनर्वसन’ म्हणतात. त्यांच्याशी बोलून सगळ्यांना बसता येईल अशी जागा उभारायची, हे माझं काम. गोल ओटा आणि मध्ये कडुनिंब, हे मी पुण्यातच ठरवून टाकलं होतं.

दुपारी कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकर आणि ठेचा मिळाला. ठेच्यानं मला रडवलं, माझ्या नकाशानं बायकांना हसवलं.

“ओट्यावर बाप्ये बसतीन, ताई,” त्यांच्यातल्या सिंधूताई म्हणाल्या. “आमाले बसस्टॉप पाह्यजे.”

“इथं एसटी थांबते?”

“नाही थांबत. म्हणूनच तं!”

मग त्यांनी मला नीट समजावलं. जुन्या गावात सिंधूताई आणि विमलताईंच्या घरांत एकच भिंत होती. इथं चिठ्ठ्या टाकून खोल्या वाटल्या. एक पहिल्या ओळीत, दुसरी शेवटच्या. दोघींचं बोलणंच तुटलं. सुनेनं उगाच कोणाकडे जाऊन बसायचं नाही. मात्र पिशवी घेऊन थांब्यावर बसलेल्या बाईला कोणी काही विचारत नाही. गाडी थांबली तर पंचाईत, जावं लागतं.

आम्ही मिळून रस्त्यालगत पत्रे ठोकले, बाकं टाकली. माझं शिक्षण पाटी रंगवण्यापुरतं कामी आलं. पहिल्याच सकाळी थांबा भरला. एकीच्या पिशवीत तर नुसती दुसरी पिशवी होती.

मी निघाले त्या दिवशी ती गर्दी पाहून एका भल्या ड्रायव्हरनं एसटी थांबवली.

“कोणाले जायचं हाये? चला लवकर!”

कोणी हललं नाही. समोरच्या टपरीवर सिंधूताईंचे सासरे बशी तोंडाशी धरून बघत राहिले. बिंग फुटलं तर उद्यापासून बसणं बंद.

“आमची दुसरी गाडी हाये,” मागून एकजण म्हणाली.

सिंधूताई मात्र उठल्या. “आमाले जायचं. वडनेरले.” विमलताईंचा हात धरून त्या चढल्या. त्यांच्यामागे मीही चढले. मलकापूरला रेल्वे मिळाली असती.

पुढच्याच थांब्यावर, वडनेर भोलजीला, दोघी उतरल्या आणि लगेच छावणीच्या दिशेनं पायी निघाल्या. आमची बस तिथं थोडी रेंगाळली. पुण्यात माझी बालमैत्रीण वरच्याच मजल्यावर राहते आणि आम्ही दिवाळीला भेटतो. खिडकीतून या दोघींकडे बघताना मला लाज वाटली, हेवाही वाटला. तेवढ्यात छावणीकडे जाणारी रिकामी एसटी त्यांच्याजवळ आली, ड्रायव्हरनं वेग कमी केला. दोघींनी बोलणं न थांबवता हातानंच त्याला पुढे जायची खूण केली.