मोलकरणीचा घडा

लॉकडाऊनमध्ये ऑस्ट्रेलियात, वॉलॉंगॉंगच्या आमच्या बाल्कनीतून मी रोज सकाळी एका म्हातारीला बघायचे. खालच्या हिरवळीवर लाकडी कॅमेरा लावून, अंगाला चादर गुंडाळून ती ग्रीक देवी व्हायची. चादर सारखी घसरायची.

एकदा तिने वर बघून हाक मारली, "नुसती बघतेस काय? खाली ये."

मी फोटोत यायचं टाळते, तरी धावतच उतरले. तिने लांबूनच एक जुना फोटो दाखवला. मधोमध गोरी देवी, कोपऱ्यात मान खाली घालून घडा धरलेली दासी. गवतावर तसाच घडा होता. मी न विचारताच तो उचलला.

"ठेव तो," ती म्हणाली. "ही दासी माझी आजी. त्या घरची मोलकरीण. मालकांना असल्या फोटोंची हौस, आणि दर वेळी घडा हिच्याच हातात. आज तो मी धरते. तू मधे."

तिने दुसरी चादर दिली. मी आईसारख्या निऱ्या घातल्या आणि पदर खांद्यावर टाकला. चादर घसरली नाही.

"आणि मी महिनाभर पिना टोचतेय," ती पुटपुटली. "मास्क काढ. वर बघ, देव्या वर बघतात. दहा सेकंद हलू नकोस."

घडा घेऊन ती कोपऱ्यात उभी राहिली आणि तिने कॅमेऱ्याच्या लांब वायरचं बटण दाबलं. मी थेट भिंगात बघत दहा आकडे मोजले.

"वर बघितलं नाहीस," ती म्हणाली.

"सॉरी."

"असू दे. मीही मान खाली घातली नाही."