संबोधीचं सोंगाडं मशीन

आमची सून संबोधी एका जागी शांत बसलेली दिसली, असं कोणी सांगितलं तर मी त्याला खोटारडा म्हणेन. पोळी लाटता लाटता ही उठणार, आतल्या खोलीत जाऊन कॉम्प्युटरवर काहीतरी ठोकणार, आणि परत येईपर्यंत तव्यावरची पोळी काळीठिक्कर. महूची पोर, आजोबा पलटणीत होते. त्यांचं ते चालणं हिच्या अंगात आलंय बहुतेक. मी मीराबाई, तिची सासू. लोक म्हणतात, सासू आहे, बोलणारच. मग बोलणारच की!

ती मिलच्या ऑफिसात चादरींची डिझाइनं काढायची, कॉम्प्युटरवर. आमचे हे, चांगदेवराव, त्याच मिलमध्ये मागावर. तिची पहिली चादर यांनी विणली आणि घरी येऊन मला म्हणाले, "पोरगी हुशार आहे, आपल्यातलीच आहे, आपल्या ज्ञानदीपसाठी विचारू या." असं ते लग्न जमलं.

मग मिलला कुलूप लागलं. यांचं रोज एकच पालुपद, "खुलेगी, मिल खुलेगी!" सकाळी फाटकापाशी जाऊन बसायचं, जेवायला घरी यायचं. नमुन्याच्या चादरी सगळ्या आत सीलबंद. संबोधीकडे उरलं ते ऑफिसचं भंगारात निघालेलं कॉम्प्युटर. साहेब "ले जाओ" म्हणाले, हिनं टेम्पोत घालून आणलं. तिची सगळी डिझाइनं त्याच्याच पोटात.

त्यातली गंमत मला फार उशिरा कळली. डिझाइनचा प्रोग्राम मुळात त्या कॉम्प्युटरचा नव्हताच. तो त्याच्याही आधीच्या एका मशीनचा, आणि ते मशीन कधीच मेलेलं. म्हणून मध्ये आणखी एक प्रोग्राम होता, एम्युलेटर म्हणतात त्याला. तो चालू केला की कॉम्प्युटर त्या मेलेल्या मशीनचं सोंग घ्यायचं, आणि डिझाइनच्या प्रोग्रामला बिचाऱ्याला वाटायचं, आपण आपल्याच घरी आहोत.

"म्हणजे बहुरूपीच की गं," मी म्हटलं.

"हो आई, अगदी तस्सा!"

तेवढ्यात सांवेर रोडवर चादरींचा नवा कारखाना निघाला. माल परदेशात जाणार, मशीनंही परदेशातून आलेली, सगळं नवंकोरं. डिझायनरची एक जागा होती. ही भेटायला गेली तर शेठजी म्हणाले, "सर्टिफिकेट तो सबके पास है. अपना काम दिखाओ, मशीन पे. सोमवार को आ जाओ." घरी आली ती हातपाय धुवायच्या आधीच मला म्हणाली, "आई, काम दाखवता आलं तर मी डिझायनर. नाही तर आयुष्यभर पोळ्या." आणि पोळ्या कशा होतात ते मी सांगितलंच आहे.

आता आमचा दिवटा, ज्ञानदीप. त्याला अक्कल सुचली. "अगं, तुझा डॉस किती जुना! तिथे हसतील तुला." डॉस म्हणजे कॉम्प्युटर ज्याच्यावर चालतं तो मुळातला प्रोग्राम. ह्यानं आपल्या ऑफिसातून नव्या डॉसच्या फ्लॉप्या आणल्या, दोघांनी बसून टाकला. सुरू झाला, छान दिसला, दोघं खूश.

इथेच ती चुकली. मिलमध्ये सूत संपून रिकामी झालेली बॉबिन कोणी टाकून देत नाही, ती लगेच परत भरायला जाते. मिलच्या माणसाच्या हाडात मुरलेलं असतं ते. ऑफिसच्या फ्लॉप्या परत करायच्या होत्या, घरात कोरी एक नव्हती. हिनं जुन्या डॉसच्या फ्लॉप्या पुसल्या आणि त्यांवर नवा डॉस भरून ठेवला. मग एम्युलेटर चालू केला, तर स्क्रीनवर एकच ओळ, की डॉसचं व्हर्जन चुकीचं आहे. बास! पुढे काही हलेना. बहुरूपी अडून बसला.

मागे फिरायला वाट नाही. जेल रोडच्या कॉम्प्युटरवाल्यांकडे खेटे घातले, ओळखीपाळखीच्या ऑफिसांत विचारलं. जिथे तिथे एकच उत्तर, "वो तो कब का मिटा दिया मैडम, फ्लॉपी में दूसरा भर लिया." सगळं शहरच बॉबिन भरणारं, दोष कोणाला देणार? मी दिला, ज्ञानदीपला. त्याला इतकं बोलले, इतकं बोलले की तो जेवण अर्धं टाकून बाहेर जाऊन उभा राहिला. संबोधी मात्र या खोलीतून त्या खोलीत नुसती येरझारा घालत होती. मध्येच लाइट जायची, तेव्हा काळ्या स्क्रीनसमोर उभी राहून नखं खायची. मला तिची भीती वाटायला लागली.

मग तिनं नव्या डॉसमध्येच जी माहिती दिलेली असते ती वाचायला घेतली, एक एक पान. माझ्या हातचा चहा निवून जायचा. रविवारी दुपारी एकदम ओरडली, "आई! सापडलं!"

मी पिठाच्या हातानं धावले. "काय सापडलं?"

"सेटव्हर म्हणून एक कमांड आहे. त्यानं नव्या डॉसला सांगून ठेवता येतं, की हा प्रोग्राम विचारेल तेव्हा तू जुनाच आहेस असं सांग."

"म्हणजे खोटं बोल म्हणून?"

"हो."

"मग बोलू दे की! कोणाच्या बापाचं काय जातंय?"

तिनं टाइप केलं, मशीन बंद करून परत चालू केलं. एम्युलेटर उठला. आणि हळूहळू चौकटी चौकटीची चादर वर आली, यांनी विणलेली तीच. संबोधीनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले.

सोमवारी टेम्पोत मशीन, ती आणि मी. शेठजींनी डिझाइनं पाहिली, "वाह, वाह" केलं, चहा पाजला. मग म्हणाले, "फ्लॉपी में सब दे जाओ, हमारे इंजीनियर देख लेंगे. जगह का बाद में बताते हैं." आणि हिनं दिली! परत येताना मी टेम्पोतच तोंड सोडलं, "कशाला दिलीस? डिझाइनं गेली, जागा पण गेली!" ती बाहेर बघत बसली, पाय हलवत. "मागितली, दिली," एवढंच बोलली.

त्या आठवड्यात कोणाचा निरोप नाही. घरात सगळे एकमेकांवर खेकसत होते. मग एके दिवशी शेठजींचा भाचा स्कूटरवरून दारात. "मैडम, आपकी फ्लॉपी चल ही नहीं रही."

"आपके यहाँ डॉस नया है ना? उसे कुछ बताना पड़ता है."

"तो बता दीजिए, मैं लिख लेता हूँ."

मला वाटलं, भोळी आहे, सांगून टाकेल! पण संबोधी म्हणाली, "आपने डिज़ाइनर की जगह निकाली थी ना? तो फ्लॉपी के साथ डिज़ाइनर भी आएगी. अकेली फ्लॉपी नहीं चलेगी."

तो हसला, आणि गेला. मी कपाळावर हात मारला, "अगं बये, आता तो आलाच नाही तर?"

"नाही आला तर नाही," म्हणाली खरी, पण रात्रीपर्यंत दारातून आत, आतून दारात चाललं होतं तिचं.

दुसऱ्या दिवशी तोच आला, पत्र घेऊन. पहिल्या तारखेपासून डिझायनर. मी "माझी बाई गं ती!" म्हणत तिच्या गालांवरून हात फिरवला, साखरेचा डबा काढला. हे फाटकावरून तेव्हाच परतले होते, उन्हानं लाल झालेले. पत्र दोनदा वाचलं, घडी घालून तिला परत दिलं. मग खाली बघत म्हणाले, "बेटा, तिथे विणकर घेतात का, विचारशील?"

तिथले माग परदेशातले, आपोआप चालणारे. एक पोरगा उभा राहून सगळी रांग बघतो, हे तिनंही पाहिलं होतं आणि मीही.

"विचारते ना बाबा," ती म्हणाली.

मी यांच्या हातावर साखर ठेवली आणि आत जाऊन रडून घेतलं.